ओसरत्या पाण्याकाठचा वसंत

वसंत म्हटला की मराठी मनासमोर पळसाचा केशरी डोंगरउतार, आंब्याचा मोहोर आणि कोकिळेचा स्वर उभा राहतो. तळ्याकाठच्या वसंताची आठवण सहसा कोणाला होत नाही. फाल्गुन सरत आला की दख्खनच्या पठारावरील तळी, बंधारे आणि धरणे ओसरू लागतात. पाणी मागे सरते, काठावर भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि रस्त्याने जाणाऱ्याला वाटते की येथे आता पाहण्यासारखे काही उरलेले नाही. वस्तुतः पाणथळीच्या वर्षातील सर्वांत नाजूक आठवडे याच सुमारास सुरू होतात. त्याच आठवड्यांत महावीर जयंती येते, शाळांना सुट्या लागतात, आणि जीवदयेच्या हेतूने धान्य, पीठ, शेव-गाठिया घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे पाण्याकाठी जातात. हेतू निर्मळ असतो. मात्र ज्या जीवांसाठी तो असतो, ते नेमके कोठे आणि कसे राहतात याची ओळख त्या हेतूसोबत गेलेली नसते. या लेखाचा विषय तीच ओळख आहे.

उदाहरणादाखल नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर घ्यावे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश काळात हा बंधारा बांधला गेला. पर्जन्यछायेतील कोरड्या मुलखाला कालव्याचे पाणी मिळावे, एवढाच त्यामागचा उद्देश होता. नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, उथळ पाण्याची डबकी, बेटे आणि दलदल तयार झाली, आणि सिंचनासाठी उभारलेल्या त्या कामातून पक्ष्यांचे एक मोठे वसतिस्थान जन्मास आले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. पाणथळींच्या संरक्षणासाठी २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या गावी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या कराराखाली जाहीर झालेले महाराष्ट्रातील पहिले स्थळ म्हणजे हेच नांदूर मध्यमेश्वर. २०२० च्या आरंभी ती घोषणा झाली. तेथे वनस्पती आणि प्राणी मिळून ५३६ प्रजातींची नोंद आहे. गजपंथ आणि मांगीतुंगी या सिद्धक्षेत्रांच्या यात्रेला नाशिक जिल्ह्यात येणाऱ्या, तसेच लासलगावच्या कांदा बाजाराशी व्यवहार असणाऱ्या कुटुंबांना हा परिसर दूरचा नाही.

चैत्राच्या सकाळी अशा पाणथळीच्या काठी उभे राहिले तर प्रथम दृष्टी खाली वळवावी. उघड्या पडलेल्या गाळात गेल्या कित्येक वर्षांचे बी साठलेले असते. पाण्याखाली ते निपचित पडून राहते. ऊन आणि हवा लागताच ते रुजते, आणि पाणी पुन्हा चढण्यापूर्वी मिळणाऱ्या थोड्या आठवड्यांत उगवणे, फुलणे व नवे बी धरणे उरकून घेते. ही ठेव दरवर्षी थोडी मोडते आणि दरवर्षी पुन्हा भरली जाते. जमिनीलगत पसरलेली रतोलिया, जिला जलपिंपळी असेही म्हणतात, ती तिच्या पांढुरक्या-जांभळट बारीक फुलांच्या गोंड्यांवरून ओळखावी. त्या गोंड्यांवर नखाएवढी निळसर फुलपाखरे बसलेली दिसतात. वाळत्या चिखलात पिवळ्या बटणांसारखी फुले धरणारी माशीपत्री असते. ओल टिकून असेल तेथे माक्याची पांढरी फुले आणि नीरब्राह्मीची फिकट निळसर फुले आढळतात. पाण्याच्या कडेला उभ्या दांड्यांवर गुलाबी तुरे मिरवणारी वनस्पती म्हणजे शेरळ. यांपैकी एकही फूल हारात ओवण्याजोगे नाही, त्यामुळे फुलबाजाराला त्यांचे नावही ठाऊक नसते. थोडे वर, काठाच्या झाडांत, पळस, पांगारा आणि काटेसावर यांचा बहर आटोपत आलेला असतो आणि करंजाची कोवळी पालवी व फिकट जांभळी फुले त्यांची जागा घेत असतात.

पाण्यावर मात्र एक फूल असे आहे की जे पाहून आनंद मानता येत नाही. जलपर्णीचा फिकट जांभळा तुरा, त्याच्या वरच्या पाकळीवरील पिवळा ठिपका, हे सारे डोळ्यांना सुखावते. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती शोभेसाठी बंगालमध्ये आली आणि तेथून देशभर पसरली. अनुकूल पाण्यात तिचा पसारा अवघ्या दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. पाण्यावर तिचा गालिचा पसरला की खाली प्रकाश पोहोचत नाही, प्राणवायू कमी होतो, पाण्यातील मूळच्या वनस्पती मरतात, मासे गुदमरतात. तिला एवढे खाद्य कोठून मिळते? शहरांच्या सांडपाण्यातून, साबणाच्या फेसातून आणि शेतातून वाहून येणाऱ्या खतातून. नत्र आणि स्फुरद यांनी समृद्ध झालेले पाणी म्हणजे जलपर्णीची मेजवानी. नांदूर मध्यमेश्वरला असलेल्या धोक्यांतही तिची गणना झालेली आहे. जेथे जलपर्णी दाट फुललेली दिसेल, तेथे वरच्या अंगाला कोणीतरी आपली घाण नदीत सोडत आहे असे खुशाल समजावे.

आता दृष्टी वर न्यावी. हिवाळाभर येथे राहिलेले पाहुणे या दिवसांत निघण्याच्या तयारीत असतात. थापट्या, तलवार बदक, भुवई बदक यांचे थवे दिवसेंदिवस विरळ होत जातात. पिवळ्या धोब्याचा हिवाळ्यातील मळकट रंग जाऊन पोट हळदीसारखे झळकू लागते. पळस-सावरीच्या मधावर आणि रानातल्या दाण्यावर पोसलेल्या भोरड्या संध्याकाळी ढगासारख्या फिरतात आणि पुढे मध्य आशियाकडे प्रयाण करतात. आणि चक्रवाक, ज्याला गावाकडे ब्राह्मणी बदक म्हणतात, तो नारिंगी-तपकिरी देखणा पक्षी जोडीजोडीने लडाख, तिबेट व त्यापलीकडच्या प्रदेशांतील थंड सरोवरांकडे परततो. रात्री नदीच्या दोन तीरांवर विरहात हाका मारणारी चक्रवाकाची जोडी हा संस्कृत काव्यातील रूढ संकेत. जैन वाचकांना या पक्ष्याची आणखी एक ओळख असावी. दिगंबर परंपरेत पाचवे तीर्थंकर सुमतिनाथ यांचे लांछन चकवा, म्हणजेच चक्रवाक होय. श्वेतांबर परंपरा तेथे क्रौंच मानते. दिगंबर परंपरेची चोवीस लांछने क्रमाने आठवून पाहिली तर पद्मप्रभांचे लाल कमळ, पुष्पदंतांची मगर, अरनाथांचा मासा, मुनिसुव्रतांचे कासव, नमिनाथांचे नीलकमल आणि नेमिनाथांचा शंख ही सारी पाण्याशी नाते सांगणारी आहेत. मंदिरात ज्या चिन्हांसमोर मस्तक झुकते, त्यांतील कित्येकांचे जिवंत रूप गावाबाहेरच्या पाण्यात वावरत असते. चकव्याचे चिन्ह पाषाणावर ओळखणाऱ्या डोळ्यांना पाण्यावरचा चकवाही ओळखता यावा, ही अपेक्षा फार मोठी नाही.

पाहुणे जात असतानाच घरचे पक्षी संसार मांडत असतात, आणि खरा धोका येथे आहे. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, चार खडे बाजूला सारून केलेल्या उथळ खळग्यात ती बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा, त्यावर काळपट डाग, त्यामुळे दोन हातांवरूनही ती दिसत नाहीत. चैत्र-वैशाखाच्या उन्हात माती तापते तेव्हा टिटवी पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि ती ओली पिसे अंड्यांवर टेकवून बसते. सुमारे चार आठवडे हा क्रम चालतो. माणूस जवळ आला की ती डोक्यावर घिरट्या घालत कर्कश ओरडते. लोक त्या ओरडण्याला अपशकुन म्हणतात. ती बिचारी आपल्या पिलांसाठी आकांत करीत असते आणि तिला पळवून लावण्यासाठी दगड उचलला जातो. नदी सुरय हा चपळ, पिवळ्या चोचीचा पक्षीही नद्या-धरणांतील रेताड बेटांवर याच दिवसांत उघड्यावर अंडी घालतो. त्याची संख्या इतकी घटली आहे की जगातील संकटग्रस्त जीवांच्या यादीत त्याचा समावेश झाला आहे. भटकी कुत्री, गुरांचे खूर, अचानक चढलेले पाणी आणि सहलीला आलेल्या माणसांची पावले, या सर्वांपुढे त्याची अंडी निराधार असतात.

चालताना चार हात पुढील भूमी पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमितीची शिकवण साधूंच्या आचारात सांगितलेली आहे. चैत्रातील तळ्याचा काठ हा तिच्या अभ्यासासाठी याहून योग्य जागा नाही. जेथे टिटवी डोक्यावर ओरडू लागेल तेथून आल्या वाटेने मागे फिरावे. अंडी शोधून छायाचित्र काढण्याचा मोह टाळावा. जितका वेळ माणूस तेथे थांबतो तितका वेळ अंडी उन्हात भाजतात, आणि माणसाच्या मागावर कावळा व कुत्रा नजर ठेवून असतात.

पाण्याकाठी घडणाऱ्या दानाचाही विचार झाला पाहिजे. मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात हजारो कुरव येतात. त्यांना शेव-गाठिया घालणे हा तेथे नित्याचा प्रकार झाला आहे, आणि आतील धरणांवरही होडीतून फिरणारे पर्यटक तेच करू लागले आहेत. तळलेले, खारवलेले बेसन हे त्या पक्ष्याचे अन्न नाही. मासे, कोळंबी, किडे यांवर त्याचे शरीर पोसलेले असते. वसंतात त्याला शेकडो कोसांचा प्रवास करून हिमालयापलीकडे जायचे असते, आणि त्या प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगात साठवलेली योग्य चरबी. पोट भरल्याचा आभास देणारे निकृष्ट खाद्य त्याला मिळाले तर शिदोरी कच्ची राहते. उरलेले गाठिये पाण्यात कुजतात आणि प्लास्टिकच्या पिशव्या काठावर राहतात. तळ्यात टाकलेल्या पावाची आणि पिठाच्या गोळ्यांचीही गती हीच.

पुष्कळदा या दानामागे एक वेगळी अस्वस्थता असते. बगळ्याने मासा गिळलेला पाहून घरातील लहान मूल विचारते, हे पाप नाही का? मोठ्यांना उत्तर सुचत नाही आणि त्या बगळ्याला शेव खाऊ घालून त्याला शाकाहारी करण्याचा निष्पाप खटाटोप सुरू होतो. त्या मुलाला सांगावे की अहिंसेचे महाव्रत घेण्याची पात्रता विवेकशील मनुष्याची आहे. बगळा आपल्या देहधर्माप्रमाणे जगतो, त्याच्यात निवडीचे सामर्थ्य नाही. मनुष्याला ते आहे, म्हणून प्रश्न बगळ्याला न विचारता स्वतःला विचारावा. त्या पाण्यातील मासा आणि बगळा दोघेही जगू शकतील असे पाणी राखणे हे मनुष्याच्या हातात आहे.

बाजारातून जिवंत मासे किंवा पिंजऱ्यातील पोपट-मुनिया विकत घेऊन सोडण्याची प्रथाही अशीच तपासून पाहावी. व्यापारी कुटुंबाला मागणी आणि पुरवठ्याचे नाते शिकवावे लागत नाही. दहा पक्षी विकत घेतले गेले की पारधी पुढच्या वेळी वीस पकडतो, आणि पकडताना व कोंडताना किती मेले याचा हिशेब दात्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय वन्य पक्ष्यांची अशी खरेदी-विक्री कायद्यानेही निषिद्ध आहे. माशांचे तर त्याहून बिकट. बाजारातला विदेशी मांगूर किंवा तिलापिया स्थानिक तळ्यात सोडला तर तो तेथील मूळच्या लहान माशांचा फडशा पाडतो किंवा त्यांची जागा बळकावतो. एका जीवाला अभय देण्याच्या भरात हजारो जीवांना उपद्रव होतो. जैन घरांतील जुनी जिवाणीची रीत या बाबतीत किती सूक्ष्म होती पाहावे. पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचे वा ज्या तळ्याचे पाणी असेल त्याच पाण्यात परत सोडावेत, दुसऱ्या पाण्यात सोडू नयेत, असा तो दंडक होता. घरातील आजी तो मुकाट्याने पाळत असे. प्रत्येक जीवाचे आपले पाणी वेगळे असते, हे तत्त्व त्या रीतीत सामावलेले आहे.

श्वेतांबर परंपरेतील दशवैकालिक सूत्र दयेच्या आधी ज्ञानाला स्थान देते. रत्नत्रयातही सम्यक चारित्र्याचा उल्लेख दर्शन आणि ज्ञान यांच्यानंतर येतो. पाणथळीच्या काठी या क्रमाचा अर्थ फार सोपा होतो. टिटवीची अंडी कोठे असतात हे ज्याला माहीत नाही, त्याची दया त्या अंड्यांवरूनच चालत जाते.

आणखी एक गोष्ट व्यापारी समाजाने लक्षात घ्यावी अशी आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत, म्हणजे अतिहिंसेच्या व्यवसायांत, सरोवर, डोह आणि तलाव शोषून कोरडे करण्याच्या व्यवसायाचा स्वतंत्र उल्लेख आहे. विषाच्या व्यापाराचाही आहे. पूर्वसूरींनी पाणथळीचा विचार पूजेच्या वा सणाच्या प्रकरणात न ठेवता थेट उपजीविकेच्या प्रकरणात ठेवला, हे अर्थपूर्ण आहे. आज तलाव उपसून कोरडा करणारा विरळा. मात्र तळ्याच्या काठी मुरूम टाकून पाडलेल्या ले-आउटमध्ये प्लॉट घेणारे पुष्कळ. ओसरत्या धरणाच्या बुडीत क्षेत्रात गाळपेर होते, तेथील कलिंगड-खरबूज उन्हाळ्यात बाजारात येतात. त्या पिकासाठी कृषी सेवा केंद्रातून गेलेले कीटकनाशक आणि युरिया पुढे चढत्या पाण्याबरोबर थेट तळ्यात उतरतात. रंगकाम, प्रक्रिया उद्योग, मंगल कार्यालय, यांचे सांडपाणी कोठे जाते हे मालकाला ठाऊक असते. २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांनुसार अधिसूचित पाणथळीत अतिक्रमण, कचरा टाकणे आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे यांस मनाई आहे. कायद्याचा हात जेथे पोहोचत नाही, तेथे कर्मादानाची मर्यादा तरी पोहोचली पाहिजे. वर्षाकाठी जीवदयेच्या खाती काही हजार रुपये खर्च दाखवायचे आणि त्याच वर्षी बुजत्या तळ्यावरील प्लॉट मालमत्तेच्या बाजूस मांडायचा, असा ताळेबंद कागदावर जुळला तरी मनाला जुळू नये.

मग करावे काय? प्रत्येक गावाला नांदूर मध्यमेश्वर लाभत नाही, परंतु एखादे तळे, बंधारा किंवा नदीचा डोह बहुतेक ठिकाणी असतो. चैत्रातील एखाद्या रविवारी सूर्योदयाच्या सुमारास कुटुंबाने तेथे जावे. सोबत दुर्बीण असल्यास उत्तम, नसल्यास डोळे पुरेत. मळलेल्या वाटेवरूनच चालावे, उघड्या गाळावर आणि रेतीच्या बेटांवर उतरू नये. मुलांनी एका वहीत तारीख, पाण्याची पातळी, दिसलेली फुले आणि पक्षी यांची नोंद करावी. चार-पाच वर्षांनी तीच वही सांगेल की चक्रवाक कोणत्या आठवड्यात गेले, रतोलिया कोठवर पसरली, जलपर्णी केव्हा शिरली. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ लिहिला गेला, त्या घरांना ही सवय जड जाऊ नये.

जीवदयेसाठी बाजूला काढलेली रक्कमही नीट वळवता येईल. जलपर्णी फुलण्यापूर्वी काढून टाकण्याच्या मजुरीसाठी, मार्च ते जून या काळात काठावर कुत्री व वाहने येऊ नयेत म्हणून ठेवलेल्या राखणदारासाठी, गावातील सांडपाणी तळ्यात जाण्याआधी अडवणाऱ्या शोषखड्ड्यासाठी ती खर्च करता येते. अशा कामात ग्रामपंचायत आणि वनविभाग यांना विश्वासात घ्यावे, कारण अभयारण्यात कोणतेही काम परवानगीविना करता येत नाही. या दानाची पाटी लागत नाही आणि छायाचित्रही फारसे आकर्षक येत नाही. अंड्यातून बाहेर पडून लवकरच आईमागे धावणारे टिटवीचे पिलू कोणाच्या दानाने वाचले, हे त्याला कळणारही नाही. गुप्तदानाची थोरवी गाणाऱ्या समाजाला त्यात उणे काही वाटू नये.

यंदाच्या चैत्र शुद्ध त्रयोदशीला मिरवणूक, अभिषेक, प्रवचन, महाप्रसाद हे सर्व यथासांग होईलच. त्याच आठवड्यात मंडळाने एका सकाळची आणखी तरतूद करावी. गाठियाची पाकिटे घरी ठेवून, रिकाम्या हातांनी, दहा-पंधरा मुलांना गावच्या तळ्यापर्यंत न्यावे, आणि काठापासून अंतर राखून तासभर शांत उभे करावे. टिटवी ओरडली तर ती का ओरडते हे त्यांना सांगावे. तेवढे सांगून झाले की सर्वांनी आल्या वाटेने परतावे.